पेशी अपुऱ्या

"पेशी अपुऱ्या. नमुना पुन्हा द्यावा." काउंटरवरच्या बाईंनी कागद वाचून दाखवला आणि काचेखालच्या फटीतून बाहेर सरकवला.

रंगाऱ्याने कागदाला हातही लावला नाही. "पुन्हा म्हणजे किती वेळा? मागच्या खेपेला हेच, त्याच्या आधी हेच. बाटली काठोकाठ भरून दिली होती मी. अपुरं काय आहे त्यात?"

"काका, लघवी भरपूर आहे. लघवीतल्या पेशी पुरेशा नाहीत."

"मग त्या काय बाजारातून आणू?"

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. झालं. रंगारी गर्रकन वळला. हसणारा रक्त तपासायला आला होता, बाही वर करून बसला होता. त्याने बाही पटकन खाली ओढली, जणू आता रक्त हाच माणूस काढणार होता. रंगाऱ्याने त्याला सोडलं आणि पुन्हा काचेकडे मोर्चा वळवला. प्रयोगशाळेचं यंत्र, ते चालवणारे, त्यांना नोकरीवर ठेवणारे, सगळ्यांचा उद्धार झाला. काउंटरवरच्या बाई अशांना सरावलेल्या होत्या. "तुमच्या डॉक्टरांना विचारा," एवढंच म्हणाल्या आणि पुढचा नंबर पुकारला. शेवटी कागद उचलला तो त्याच्या बायकोने. घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि नवऱ्याच्या कोपराला धरून त्याला बाहेर आणलं.

हा माणूस सूत आणि कापड रंगवायचा. उताराच्या गल्लीच्या तोंडाशी त्याची रंगशाळा होती. दारातच दोन मोठे हंडे भट्टीवर चढलेले, वर दोऱ्यांवर ओल्या लडी, आणि खालच्या फरशीला तर स्वतःचा असा रंगच उरला नव्हता. समोर लोक त्याला रंगारी म्हणत आणि पाठ फिरली की 'उकळी'. नाव अगदी चपखल होतं. पडद्याच्या निळ्यात हिरव्याची जराशी झाक आली, कुणी लोकरीचा कोट गरम पाण्यात धुऊन वाट लावून आणला, सुताच्या लडीला गाठ राहिली, की हा खालून वर उसळायचा. गिऱ्हाईक उभं थरथरायचं. पण त्या रागात लबाडी नसायची. कोट बिघडवल्याबद्दल तो माणसाला दारात उभं करून झापायचा आणि तोच कोट पुढच्या आठवड्यात असा करून द्यायचा की मालकाला ओळखू येऊ नये. चूक त्याची स्वतःची असली तर तो हंड्यावर ओरडायचा. म्हणून लोक शिव्या खाऊनही त्याच्याकडेच येत.

त्याची बायको मात्र शांत. इतकी शांत की गल्लीत गमतीने म्हणत, हा उकळतो आणि ती गाळते. ते खरंही होतं. रंगाची पूड पाण्यात पूर्ण विरघळत नाही. एखादा कण राहिला तर कापडावर ठिपका उमटतो आणि तो ठिपका मग जन्मात जात नाही. म्हणून रंग कालवून आधी निथळत ठेवायचा, गाळ तळाशी बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी अलगद ओतून घ्यायचं आणि चौपदरी कापडातून गाळून मगच हंड्यात घालायचं. हे काम पहिल्यापासून तिचं. लग्नानंतर नवी नवी असताना एकदा घाईत तिने न गाळता रंग ओतला होता आणि चादरींचा अख्खा ढीग ठिपक्याठिपक्यांचा निघाला होता. तेव्हा तो काय बोलला ते तिने कुणाला कधी सांगितलं नाही. पण त्यानंतर तिच्या हातून न गाळलेलं काही पुढे गेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या लघवीतून रक्त गेलं. मूत्राशयाचा कॅन्सर निघाला. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता? रंगारी म्हटल्यावर त्यांनी नुसती मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ लेकीने नंतर शोधून काढला. रंगाच्या जुन्या पुड्यांमध्ये असं काही असायचं की ते अंगात मुरायचं आणि मूत्राशयात साचून राहायचं. ते कळलं त्या दिवशी तो कुणावरच ओरडला नाही. रंगशाळेत गेला, फळीवरचे जुने डबे एकेक करून अंगणात आपटले आणि परत आला.

मूत्राशय काढून टाकलं. आतड्याचा एक तुकडा कापून त्याची लघवीला वाट केली आणि तिचं तोंड पोटावर, बेंबीच्या उजव्या बाजूला आणलं. त्या तोंडावर पिशवी चिकटवायची, लघवी आपसूक त्यात जमत राहते. पिशवीशी त्याचं रोज भांडण व्हायचं. पण रंगशाळेत तो पुन्हा उभा राहिला. हंडे आता लेक सांभाळायची. हा खुर्ची टाकून बसायचा आणि तिला तिच्या चुका सांगायचा.

"बाबा, भट्टी मी लावलीय, तुम्ही तापू नका," लेक म्हणायची. त्याच्यासमोर असं बोलायची टाप फक्त तिची.

मूत्राशय गेलं तरी आजार गेलाच असं नसतं. मूत्राशयाच्या आत जे अस्तर असतं तेच वर किडनीपर्यंत गेलेल्या नळ्यांमध्येही असतं. तिथे आजार पुन्हा डोकं वर काढू शकतो, आणि काढलं तर त्याच्या पेशी गळून लघवीत उतरतात. म्हणून अधूनमधून लघवी तपासायची. पहिलं वर्ष हे सगळं मोठ्या इस्पितळातच झालं आणि ठीक निघालं. मग डॉक्टर म्हणाले, एवढ्या लांब कशाला येता, घराजवळच्या प्रयोगशाळेत बाटली देत जा. बाटली कशी भरायची ते कुणी सांगितलं नाही. लघवी बाटलीत भरायला काय शिकवायचं, असंच सगळ्यांना वाटलं असावं.

आणि आता घोडं इथे अडलं होतं. पोटाच्या नव्या फोटोत किडनीकडची डावी नळी फुगलेली दिसत होती. डॉक्टर म्हणाले होते, "दोन गोष्टी असू शकतात. आतड्याला जिथे जोडलीय तिथे ती आवळली असेल. तसं असेल तर छोटं काम आहे. नाहीतर आजार परत आला असेल, मग डावी किडनी काढावी लागेल. लघवीतल्या पेशी काय म्हणतात ते बघू." आणि पेशी काहीच म्हणायला तयार नव्हत्या. तिन्ही कागदांवर एकच वाक्य.

डाव्या कुशीत दुखतं हे त्याने घरात सांगितलं नव्हतं. तो फक्त जास्त ओरडत होता. बायकोने त्यावरूनच काय ते ओळखलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिघं मोठ्या इस्पितळात गेली. जिन्यात लेक म्हणाली, "बाबा, आत गेल्यावर आधी नमस्कार करा, मग भांडा."

"नमस्काराच्या लायकीचं काय केलंय त्यांनी?"

"मग नुसती मान हलवा. त्यांना येतं ना ते."

तो हसला नाही, पण त्याचा पायऱ्यांवरचा पाय जरा हलका पडला.

डॉक्टर शस्त्रक्रियेत होते. त्यांनी निरोप धाडला की आधी पिशवीच्या खोलीतल्या सिस्टरना भेटा. सिस्टर चष्मा कपाळावर चढवून फिरणाऱ्या, हाताला झपझप वेग असलेल्या. पहिल्या वर्षी पिशवी चिकटवायला त्यांनीच शिकवलं होतं. रंगाऱ्याने त्यांच्यापुढे तिन्ही कागद आदळले.

"हे वाचा. आणि मला सांगा, चूक यंत्राची की माणसांची?"

सिस्टरनी चष्मा खाली घेतला, वाचलं आणि विचारलं, "काकू, बाटली कोण भरतं?"

"मी," बायको म्हणाली.

"कशी भरता? पहिल्यापासून सांगा."

बायकोला बरं वाटलं. कुणीतरी पहिल्यांदा तिला तिचं काम विचारत होतं. पदराशी चाळा करत, पण स्पष्ट शब्दांत, ती सांगू लागली. "आदल्या दिवशीचं पिशवीतलं सगळं एका काचेच्या भांड्यात काढते. भांडं उकळून घेतलेलं असतं, तसंच नाही घेत. सकाळपर्यंत हलवत नाही. त्यात ते पांढरे धागे असतात ना, शेंबडासारखे, ते सगळे तळाशी बसतात. मग वरचं नितळ तेवढं ओतून घेते. चौपदरी कापडातून गाळते. कापडही उकळलेलंच. मग बाटलीत भरते. अगदी पाण्यासारखं स्वच्छ देते हो मी."

सिस्टरचे हात थांबले. मघापासून ते पहिल्यांदाच थांबले होते.

"आणि तळाशी राहिलेलं?"

"ते टाकते."

"काकू," सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या, "आम्हाला तेच हवं असतं."

सिस्टरनी मग समजावलं. पेशी जड असतात, तळाशी बसतात. धाग्यांना चिकटून राहतात. ते पांढरे धागे म्हणजे आतड्याचा चिकट पदार्थ. त्या तुकड्याला कुठे माहीत आहे की आपली बदली झाली, तो आपलं जुनं काम करत राहतो. ते दिसणारच, त्यात घाण काही नाही. शिवाय पिशवीत किंवा भांड्यात पडून राहिलं की पेशी फुटतात, ओळखू येत नाहीत. नमुना ताजा घ्यायचा, तोही पोटावरच्या तोंडातूनच, नळीने.

लेकीने कपाळाला हात लावला. बायको आपल्या हातांकडे बघत बसली. आणि रंगारी उठून व्हरांड्यात गेला.

बायको मागोमाग आली, आणि तिथे तो तिच्यावर फुटला. व्हरांड्यात माणसं होती, चाकाच्या खुर्चीत एक म्हातारा होता, पण त्याला कुणी दिसत नव्हतं. "माझा जीव टांगणीला लागलाय आणि तू गाळतेस! कुणी सांगितलं होतं गाळायला? मी सांगितलं होतं? लोकांशी भांडत बसलो मी. त्या काउंटरवालीला नाही नाही ते बोललो. आणि घरात माझीच बायको माझा आजार मोरीत ओतत होती!"

इतकी वर्षं अशा वेळी ती खाली मान घालून उभी राहायची. लेकही तेच बघत मोठी झाली होती. या वेळी तिने मान वर केली.

"हो, ओतत होते! पहिली बाटली आठवते तुम्हाला? पिशवीतून भरून टेबलावर ठेवली होती मी, जशी होती तशी. तुम्ही उजेडात धरून बघितलीत. काय म्हणालात? हे असलं गढूळ घेऊन मी लोकांसमोर उभा राहू? आणि बाटली बेसिनवर फेकलीत. काच मी वेचली. शेजारची बाई विचारायला आली, तिला मीच सांगितलं की हातातून पेला पडला. दुसऱ्या दिवशी गाळून दिली, तेव्हा म्हणालात, हां, आता कशी! जन्मभर तुमच्या तोंडून तेवढं एक 'आता कशी' ऐकायला मी गाळत आलेय. न गाळता दिली असती तर तुम्ही गेला असतात का प्रयोगशाळेत? सांगा ना, गेला असतात?"

त्याला बाटली आठवत होती. 'आता कशी' म्हटलेलं आठवत नव्हतं.

"आणि आजार तुमचा एकट्याचा नाही," ती म्हणाली. "मीही त्याच पुड्यांमध्ये हात घालून बसलेय." एवढं बोलून ती आत गेली. चाकाच्या खुर्चीतला म्हातारा रंगाऱ्याकडे टक लावून बघत होता. रंगाऱ्याने त्याच्याकडे पाठ केली.

सिस्टरनी त्याच दिवशी नमुना घेतला. त्याला आडवं केलं, पिशवी काढली, पोटावरचं तोंड पुसून स्वच्छ केलं, बारीक मऊ नळी हलकेच आत सरकवली. पहिले थेंब सोडून दिले आणि पुढचे बाटलीत धरले. थेंब थेंब पडत होतं, गढूळ, त्यात पांढरे धागे तरंगत होते. छताकडे बघायचं सोडून तो बाटलीकडेच बघत राहिला. बायको भिंतीपाशी उभी होती. झाकण लागलं आणि बाटली लगेच खालच्या मजल्यावर गेली.

निकाल यायला काही दिवस लागणार होते. ते दिवस घरात फार वाईट गेले. बायको सगळं करत होती, फक्त बोलत नव्हती. आणि समोरून काही येत नसलं की या माणसाला रागावता येत नाही. तो दाराच्या कडीवर ओरडला, पाण्याच्या नळावर ओरडला, पिशवीच्या चिकटपट्टीवर तर रोजच.

"आई विचारतेय, जेवणार का?" लेक म्हणाली.

"तिला सांग, जेवीन."

"ती तुमच्या मागेच उभी आहे, बाबा."

तो वळला. ती ताट घेऊन उभी होती. काहीतरी बोलावं म्हणून त्याने तोंड उघडलं. त्याला राग सगळ्या छटांमध्ये बोलता येत होता. दुसरं काही बोलायची सवय नव्हती. "मीठ कमी आहे," तो एकही घास न घेता म्हणाला. लेकीला हसू आवरेना. बायको ताट ठेवून निघून गेली.

निकालाच्या दिवशी डॉक्टर हजर होते. तरुण होते, बोलताना समोरच्यापेक्षा संगणकाच्या पडद्याकडे जास्त बघायचे. म्हणाले, "या वेळी नमुना उत्तम आला. पेशी मिळाल्या. आणि त्या आजाराच्या आहेत. फोटो आणि हे एकत्र धरलं तर डाव्या नळीतच आहे. नळी आणि डावी किडनी काढावी लागेल. उजवी चांगली काम करतेय, तिच्यावर भागेल."

लेकीने बापाचा हात धरला. त्याने तो धरू दिला.

"डॉक्टर," बायको म्हणाली, "आधीच्या बाटल्या मी गाळल्या नसत्या तर?"

"काकू, आता त्याचा विचार करून काय उपयोग."

"मी विचारलंय ते सांगा."

डॉक्टरांनी पडद्यावरची नजर काढली. "कदाचित काही महिने आधी कळलं असतं. नक्की नाही सांगता येणार. आम्ही काही विशेष सांगत नाही, कारण," ते किंचित थांबले, "सहसा कुणी गाळत नाही."

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. रंगारी उभा राहिला होता. लेकीने डोळे मिटून घेतले.

"सहसा?" तो म्हणाला. "सहसा म्हणजे कोण? आम्ही रंगारी आहोत! आमच्या घरात पाणीसुद्धा निथळून भांड्यात पडतं. तुम्ही मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, काम काय करता. मी सांगितलं. तुम्ही मान हलवलीत. त्या मानेत एवढं बसलं नाही की या माणसाच्या घरी बाटली कशी भरत असतील? तीन कागद आले. तिन्हींवर एकच. प्रयोगशाळेने लिहिलं, पुन्हा द्या. तुम्ही म्हणालात, पुन्हा द्या. काउंटरवरची म्हणाली, डॉक्टरांना विचारा. एकाच्या तरी तोंडून निघालं का, की बाबा, भरतोस कशी? सिस्टरनी विचारलं, एका दमात कळलं. तुम्हाला एक प्रश्न जड झाला?"

"काका, शांत व्हा—"

"नाही होणार! आणि ही जी मघाशी विचारत होती ना, तिच्याकडे असं बघू नका. तिने काम चोख केलंय. मी जन्मभर ओरडून तिच्या हाताला जे वळण लावलं, तेच तिने केलं. न गाळलेली बाटली मी फेकली होती. मी. बोल लावायचा तर मला लावा. आणि उरलेला तुम्ही घ्या. तिच्या वाट्याला त्यातलं काही येणार नाही."

बोलता बोलता त्याला धाप लागली. डाव्या कुशीवर हात गेला. या वेळी दुखणं लपवायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही.

डॉक्टरांनी आपली खुर्ची त्यांच्याकडे वळवली. मग म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. आम्ही विचारायला हवं होतं."

समोरचा माणूस वाद घालत नाही म्हटल्यावर रंगाऱ्याचा अर्धा राग तसाच घशात राहिला. तो उभाच होता, मुठी आवळून. त्याला अजून पुष्कळ बोलायचं होतं आणि बोलून काहीच परत येणार नव्हतं. ते गेलेले महिने तर नाहीच.

"झालं का?" बायकोने विचारलं. इतक्या दिवसांत ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होती. "बसा आता. आणि तारीख विचारा."

तो बसला. "कधी कापताय?" त्याने विचारलं, अजून भांडणाच्याच आवाजात.

डॉक्टरांनी पडद्यावर बोट फिरवलं. जागा पुढच्या महिन्याच्या अखेरीस होती.

"पुढच्या महिन्याच्या अखेरीस?" आता बायको उभी राहिली होती. "तीनदा परत पाठवलंत, आता आणखी थांबवता? याच आठवड्यात बघा! नाहीतर मी इथून उठत नाही!"

शेजारच्या खोलीतल्या सिस्टरनी दारातून डोकावून बघितलं. बायकोचा आवाज नवऱ्याच्या आवाजाहून चढा लागला होता. रंगाऱ्याने तिच्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे पाहिलं, आणि आपली खुर्ची तिच्या खुर्चीला लावून घेतली.